जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क अडकला तर? सारखे सारखे येणारे प्रश्न, एकाच जागी

आमचं घर मालवणचं, काकांची कांडाळीची (पाण्यात उभं टाकून ठेवायचं जाळं) बोट आहे. मी स्वतः समुद्रावर कमी जाते आणि घरात बसून अर्ज, फोटो, कागद हेच जास्त करते, त्यामुळे वाडीतल्या लोकांचे आणि आता पुण्या-मुंबईच्या लोकांचे पण तेच तेच प्रश्न माझ्याकडे येतात. दर वेळी वेगळं टाइप करण्यापेक्षा हे एकदाच लिहून ठेवलंय. पुढे कोणी विचारलं की हेच पाठवणार.

बायकॅच बायकॅच म्हणतात ते नक्की काय?

ज्याच्यासाठी जाळं टाकलं ते सोडून जे काही जाळ्यात येतं ते. सुरमईसाठी कांडाळ टाकली आणि कासव आलं, कोळंबीसाठी ट्रॉल (तळाशी ओढायचं जाळं) ओढला आणि त्यात समुद्री साप, पाकट, बारकी पिल्लं आली. यात दोन प्रकार आहेत आणि लोक ते कायम मिसळतात. बारकी मासळी, पापलेटची पिल्लं वगैरे हा मासेमारीच्या भविष्याचा प्रश्न आहे, त्यासाठी जाळ्याच्या आसाचे (भोकाच्या मापाचे) नियम आहेत, ट्रॉलच्या शेपटाला ४० मिमीचा चौकोनी आस हवा वगैरे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क हे वन्यजीव आहेत, त्यांना जंगलातल्या बिबट्याला लागू होतो तोच कायदा लागू होतो. हे सगळं लिखाण दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, पिल्लांवर कधीतरी वेगळं लिहीन.

आपल्या कोकण किनाऱ्यावर काय काय अडकतं?

सगळ्यात जास्त कासवं. भारताच्या समुद्रात पाच जातीची समुद्री कासवं आहेत, त्यातलं ऑलिव्ह रिडले आपल्याकडे अंडी घालायला येतं (वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी ही नावं तुम्ही ऐकली असतील) आणि ग्रीन टर्टल म्हणजे हिरवं कासव चरायला येतं. हॉक्सबिल आणि लेदरबॅक क्वचित. मग डॉल्फिन, आमच्याकडे त्याला गादा म्हणतात, किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक वेळा हंपबॅक डॉल्फिन असतो. पाठीवर पर (फिन) नसलेला, काळसर, ठेंगणा फिनलेस पॉरपॉइज पण अडकतो, आणि बरेच जण त्याला डॉल्फिनचं पिल्लू समजतात. व्हेल शार्क, गिटारफिश, मोठी पाकटं आणि समुद्री साप तर आहेतच. करवत मासा म्हाताऱ्या लोकांच्या तोंडी असतो, माझ्या पिढीतल्या कोणी जाळ्यात बघितल्याचं मला तरी कोणी सांगितलेलं नाही.

कुठल्या जाळ्यात जास्त अडकतात? ट्रॉलर आणि पर्ससीनवालेच दोषी ना?

हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा पारंपरिकवाला असतो, आणि मी पण त्याच घरातली, तरी खरं सांगायचं तर कांडाळ पण धुतल्या तांदळासारखी नाहीये. बारीक नायलॉनचं जाळं पाण्यात दिसत नाही, रात्रभर टाकून ठेवलेलं असतं, डॉल्फिन जाळ्यातले मासे खायला येतो आणि शेपटीला गुंडाळून घेतो. ट्रॉल दोन-दोन तीन-तीन तास तळाशी ओढतात, त्यात शिरलेलं कासव बाहेर येऊच शकत नाही. पालघर, मुंबई, रायगडकडे डोल असते, ती भरती-ओहोटीच्या ओढीवर तोंड उघडं ठेवून बांधलेली मोठी पिशवीच, बोंबील-जवळ्यासाठी, आणि ओढीबरोबर येणारं सगळं तिच्यात जातं. त्यातल्या त्यात बरी रापण, कारण ती किनाऱ्यावर ओढतात, पाणी कमी होत जातं, माणसं भरपूर असतात, आणि कासव आलंच तर बहुतेक वेळा जिवंत हाताला लागतं.

म्हणजे बोट कोणाची हे बघण्यापेक्षा जाळं पाण्यात किती वेळ आणि कुठे राहतं ते बघा. पर्ससीन (थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) आणि एलईडीचं (दिवे लावून मासे गोळा करण्याचं) भांडण खरं आहे आणि मोठं आहे, पण ते मासळी कोणी उपसायची याचं भांडण आहे.

कासव तर पाण्यातलंच, ते बुडून कसं मरेल?

कासवाला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत, आपल्यासारखी. निवांत असेल तर एका श्वासावर बराच वेळ खाली राहतं, पण जाळ्यात अडकलं की धडपडतं आणि होता तो प्राणवायू भराभर संपतो. म्हणून तासाभरापेक्षा लांब ओढलेल्या ट्रॉलमध्ये मेलेलं कासव मिळायची शक्यता वाढत जाते. डॉल्फिनचं पण तेच, उलट त्याला कासवाइतकाही वेळ मिळत नाही. समुद्री सापाला पण वर येऊन श्वास घ्यावाच लागतो. व्हेल शार्क मात्र मासा आहे, त्याचं गणित वेगळं, पुढे येईल.

कासव वर काढलं, अजिबात हलत नाही. मेलं समजून टाकून द्यायचं का?

नाही नाही नाही. हा एक मुद्दा लक्षात राहिला तरी माझं टायपिंग वसूल. जाळ्यातून निघालेलं कासव कितीदा तरी बेशुद्ध असतं, मेलेलं नसतं, आणि तसंच पाण्यात टाकलं तर मात्र खरंच बुडून मरतं.

करायचं एवढंच. पोटावर ठेवा, उलटं पाठीवर नाही. मागची बाजू साधारण अर्धा फूट उंच करा, खाली टायर किंवा दोरीचं वेटोळं टाका, म्हणजे फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे निघतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका पण नाकपुड्या मोकळ्या ठेवा. पाण्याच्या टबात ठेवू नका, पाइपने तोंडात पाणी मारू नका, पोटावर उभं राहून दाबू नका (हो, हे करताना बघितलंय). मधूनमधून डोळ्याच्या पापणीला किंवा शेपटीला हलकं बोट लावून बघा, जरा जरी हललं तरी जिवंत आहे. निदान चार तास वाट बघायची, चोवीस तासांपर्यंत पण शुद्धीवर येऊ शकतं.

काकांच्या बोटीवर एकदा एक रिडले असंच आलं होतं, पहाटेची वेळ, सगळ्यांना वाटलं गेलं. खलाश्याने बर्फाच्या पेटीशेजारी तिरकं ठेवलं आणि सगळे जाळं ओढायला लागले. दीडेक तासाने मागून फुस्स करून आवाज आला, म्हाताऱ्या माणसाने दम टाकावा तसा, आणि वळून बघतात तर डोकं वर करून बसलेलं. नाकातून फेस आणि पाणी येत होतं. तरी लगेच सोडलं नाही, हातपाय नीट मारायला लागल्यावरच सोडलं.

सोडायचं कसं? वरून टाकलं तर चालतं का?

इंजिन न्यूट्रलला, पंखा फिरत नसला पाहिजे, आजूबाजूला आपलंच किंवा दुसऱ्याचं जाळं नाही हे बघायचं आणि बोटीच्या सगळ्यात खालच्या बाजूने, डोकं पुढे करून हळू उतरवायचं. उचलताना पाठीची पुढची आणि मागची कड धरा, वल्ह्यासारख्या हातांना धरून उचलू नका, सांधा निखळतो. रिडले पस्तीस-चाळीस किलोचं असतं, दोघांत आरामात उचलतं. अंगाला जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला असेल तर सगळा काढून सोडा, मानेवर किंवा बगलेत राहिलेला एक दोरा पण पुढे मांस कापत जातो. जखम खोल असेल किंवा हातच तुटलेला असेल तर सोडू नका, बंदरात आणा आणि येतायेताच वनखात्याला कळवा, नंबर खाली एके ठिकाणी दिलाय.

व्हेल शार्क अडकला तर? तो तर बोटीएवढा असतो.

असतोच, आणि शेपटीचा एक फटका बसला तर माणूस जायबंदी होईल, म्हणून आधी आपली माणसं सांभाळा. त्याला बोटीवर घ्यायचा प्रश्नच नाही. तो मासा आहे, पाण्यातच श्वास घेतो, पण गुंडाळला गेला की पुढे पोहता येत नाही आणि दमतो. त्यामुळे जाळं बोटीच्या कडेला घेऊन लांब दांड्याच्या कोयतीने कापत जायचं आणि त्याला वाट करून द्यायची. शेपटीला दोरी बांधून ओढत नेऊ नका, कल्ल्यात हात किंवा हुक घालू नका. नाव शार्क असलं तरी तो माणसाला खात नाही, प्लवंग आणि बारीकसारीक खाणारा प्राणी आहे.

गुजरातचं उदाहरण मुद्दाम सांगते. वेरावळकडे एके काळी हा मासा यकृताच्या तेलासाठी मारायचे, ते तेल होड्यांना लावायचे. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत (सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत) टाकलं, तिथे पोचलेला हा पहिला मासा. २००४ पासून तिथे मोहीम चालली, कथाकार मोरारीबापूंनी ‘माहेरी येणारी लेक’ म्हणून लोकांना समजावलं, आणि ज्या बंदरात तो मारला जायचा तिथल्याच लोकांनी जाळी कापून शेकडो सोडले. नुसत्या कायद्याने हे झालं नसतं असं माझं मत.

डॉल्फिन जिवंत असेल तर?

वेळ फार कमी असतो. पहिलं काम म्हणजे डोक्यावरचं श्वासाचं छिद्र पाण्याच्या वर धरायचं, कापाकापी नंतर. शेपटीच्या बुडख्याला बहुतेक दोरा गुंतलेला असतो, तिथून सुरुवात करा. छिद्रावर पाणी मारू नका, फडकं टाकू नका. आणि कृपा करून सेल्फी नको. व्हिडिओ काढायचाच आहे पण तो एका माणसाने, बाजूला उभं राहून, का ते पुढच्या उत्तरात.

जाळं कापलं तर सरकार पैसे देतं हे खरं का? किती?

खरं. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात योजना आहे, वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून चालवतात. संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये मिळतात. जास्तीत जास्त हा शब्द नीट वाचा, कारण निम्मी भांडणं त्याच्यावरूनच होतात. रक्कम जाळ्याचं नुकसान बघून ठरते, कासव सोडलं म्हणून २५ हजाराचं बक्षीस असं नाहीये. आणि त्या दिवशी गेलेली मासळी, डिझेल, बुडालेली फेरी यातलं काही धरलं जात नाही, पैसे फक्त जाळ्याचे. मला हे कमी वाटतं, पण काहीच नव्हतं त्यापेक्षा खूप बरं.

अर्ज मत्स्यव्यवसायच्या परवाना अधिकाऱ्याकडे करायचा. बोटीच्या नोंदणीचे आणि परवान्याचे कागद, बँक पासबुक, प्राणी जाळ्यात असतानाचे आणि सोडतानाचे फोटो-व्हिडिओ, आणि फाटलेलं जाळं. जाळं दाखवेपर्यंत शिवायला घेऊ नका!

व्हिडिओ कसा काढायचा म्हणजे अर्ज अडकणार नाही?

हा प्रश्न मी स्वतःच्या चुकीतून शिकले. काकांनी एकदा हिरवं कासव सोडलं, चांगलं मोठं, अर्धी कांडाळ कापावी लागली. काका ओरडतायत "बघतंस काय, कोयती हाड" (म्हणजे कोयती आण), पोरगा एका हाताने मोबाइल धरून उभा, आणि नंतर बघतो तर व्हिडिओत काळोख, पाण्याचा आवाज आणि काकांच्या शिव्या. कासव कुठेच नाही. मी तोच व्हिडिओ जोडून अर्ज केला, तो परत आला. ऑफिसवाल्यांना मी तेव्हा बरंच बोलले, आता वाटतं त्यांचं पण बरोबर होतं, त्यांनी बघायचं तरी काय.

तेव्हापासून बोटीवर सांगून ठेवलंय. आधी बोटीचा नंबर व्हिडिओत घ्यायचा. मग प्राणी जाळ्यासकट, मग कापताना, मग पाण्यात जाताना, आणि तुकडे न करता एकच सलग व्हिडिओ. रात्री डोक्याची बॅटरी प्राण्यावर मारायची, मोबाइलचा फ्लॅश पाण्यावरून नुसता चमकतो. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवायचं. आणि प्राणी तडफडत असेल तर व्हिडिओसाठी थांबायचं नाही, दहा सेकंदाचा पुरे.

कासव आलं पण जाळं फाटलं नाही, न कापता सोडवलं. मग पैसे?

नाही मिळत, भरपाई नुकसानीची आहे. रापणवाले हे नेहमी विचारतात, कारण त्यांच्याकडे बहुतेक वेळा कासव अख्खंच निघतं. उगाच जाळं कापून अर्ज करणारे पण भेटलेत मला, करू नका, नवीन कापलेला आस आणि ओढाताणीत फाटलेला आस यातला फरक अधिकाऱ्याला नाही कळला तरी शेजारच्या तांडेलाला (बोटीच्या कप्तानाला) कळतो.

चुकून अडकला तरी केस होते म्हणे?

चुकून अडकला आणि सोडून दिला तर घाबरायचं कारण नाही, सरकारच त्यासाठी भरपाई देतंय म्हटल्यावर चुकून अडकतात हे सरकारलाही मान्य आहे. गुन्हा होतो तो पुढे, म्हणजे किनाऱ्यावर आणून कापला, वाटला, विकला, अंडी काढली, पाठ सुकवून घरात लावली. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि निदान २५ हजार दंड. दंडाचा आणि भरपाईचा आकडा एकच आहे हा योगायोग मला जरा गमतीचाच वाटतो.

आणि आधीच मेलेला निघाला तर?

लपवू नका, वाटून तर अजिबात घेऊ नका, मेलेल्या प्राण्याचं मांस पण तेवढंच बेकायदा. फोटो काढा, कळवा. वनखातं पंचनामा आणि शवविच्छेदन करतं, त्यातून कशाने मेला ते कळतं. लोक भीतीने गुपचूप समुद्रात सोडून देतात आणि दोन दिवसांनी तोच डॉल्फिन पर्यटकांसमोर किनाऱ्यावर लागतो, मग बातम्या येतात आणि सगळ्या वाडीवर संशय. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, चौकशीत एक-दोन दिवस जातातच.

मोरीचं मटण खायचं की नाही मग?

खास मालवणी प्रश्न! बाजारात मोरी म्हणून येणाऱ्या सगळ्याच मुश्या (शार्क) संरक्षित नाहीत, बारक्या मुश्यांची मासेमारी कायदेशीर आहे. पण २००१ च्या शेवटी मुशी आणि पाकटांच्या दहा जाती पहिल्या अनुसूचीत गेल्या, त्यात व्हेल शार्कबरोबर करवत मासा आणि मोठा गिटारफिश पण आहे, आणि नवीन दुरुस्तीनंतर यादी अजून लांबली. परांची निर्यात २०१५ पासून बंद आहे. अडचण अशी की कापून, सोलून ठेवलेल्या तुकड्यावरून जात ओळखणं कोणाच्याच बापाला जमत नाही. म्हणून माझा नियम, अख्खी दिसेल तीच घ्यायची आणि खूप मोठी असेल तर घ्यायचीच नाही.

समुद्री साप आले तर मारायचे का? विषारी असतात ना?

विषारी असतात, चांगलेच. शेपूट वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो समुद्री साप. मारू नका आणि हातानेही उचलू नका, काठीने किंवा फावड्याने बाजूला करून पाण्यात टाका. खलाशी त्यांना शेपटीला धरून भिरकावतात, वर्षानुवर्षं काही झालं नाही म्हणून, पण आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली आहे, समुद्री सापावर नाही. चावला तर दुखतही नाही फारसं, त्यामुळे लोक दुर्लक्ष करतात. थेट मोठ्या हॉस्पिटलात जा आणि साप समुद्रातला होता हे सांगा.

टेड काय असतं? ते लावलं की प्रश्न संपला ना?

ट्रॉलच्या गळ्यात तिरकी बसवलेली लोखंडी जाळी. कोळंबी दांड्यांमधून मागे जाते, कासव जाळीला अडून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने आपल्या ट्रॉलसाठी वेगळं बनवलंय. ट्रॉलरवाल्यांची तक्रार अशी की झडपेतून मालही जातो आणि कचरा अडकला की जाळी तुंबते. दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या आहेत.

पण पैशाची दुसरी बाजू बघा. टेड नाही म्हणून अमेरिका २०१९ पासून आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेत नाही, फक्त तळ्यातली घेते. हे भांडण जुनं आहे, भारतासह चार देश याच विषयावर जागतिक व्यापार संघटनेत गेले होते आणि १९९८ मध्ये त्याचा निकाल लागला. आणि प्रश्न संपत नाही, कारण टेड फक्त ट्रॉलला लागतं. कांडाळीला आणि डोलीला त्याचा काही उपयोग नाही (कुठलं जाळं काय करतं ते वर आहे).

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तरी तेव्हाच किनाऱ्यावर कासवं जास्त का येतात?

जून-जुलैत बंदी असते, पण समुद्रात तुटून राहिलेली जाळी बंदी पाळत नाहीत. ती तरंगत राहतात, त्यात कासवं गुंततात, आणि पश्चिमेचा वारा सगळं किनाऱ्यावर आणून टाकतो. हात कापलेली कासवं दिसतात ती बहुतेक यातलीच. जाळं तुटलं तर शक्य तेवढं उचला आणि निकामी तुकडे पाण्यात फेकू नका, एवढंच बोटीवरच्या माणसाच्या हातात आहे.

मी पर्यटक आहे, किनाऱ्यावर जिवंत कासव पडलेलं दिसलं. पाण्यात ढकलू का?

नका ढकलू. धडधाकट कासव दिवसाढवळ्या वाळूत पडून राहत नाही, ते आजारी किंवा जखमी आहे म्हणूनच लाटेने आलंय, तुम्ही ढकललंत तर पुढच्या लाटेला परत येईल किंवा बुडेल. सावली करा, कुत्रे आणि गर्दी लांब ठेवा, आणि १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर फोन करा. डहाणूला कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. एकच अपवाद, रात्री वर चढून खड्डा करणारी मादी. ती अंडी घालायला आलीये, तिला हात लावू नका, टॉर्च मारू नका, ती आपली आपण परत जाते.

जाळ्यात आलेल्या कासवाच्या हाताला पत्र्याचा बिल्ला किंवा पाठीवर यंत्र होतं. काढून ठेवू का?

काढू नका! बिल्ल्यावरचा नंबर आणि पत्ता दिसेल असा फोटो काढा, ठिकाण आणि किती वाव (किती खोल) पाणी ते लिहून ठेवा, कासव बिल्ल्यासकट सोडा, आणि वरच्याच नंबरवर कळवा. २०२२ मध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या पाच माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले होते, वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी वगैरे, आणि पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट्या बाजूचं पण घडलंय. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या हातावर ०३२३३ असा बिल्ला होता, आणि तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला निघाला. तोपर्यंत सगळे म्हणायचे पूर्वेची कासवं वेगळी आणि आपली वेगळी. यंत्र विकलं जाईल असं कोणी सांगत असेल तर नाही जात, मी विचारून बघितलंय असं नाही, पण एका काकांनी बघितलं होतं.